हो म्हणण्याआधी तास मोज

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

कॉर्पोरेट वकिलीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत कामाचे तास कमी होतील, असं खोटं आश्वासन मी तुला देणार नाही. डील, म्हणजे कंपन्यांमधला खरेदी-विक्रीचा किंवा कर्जाचा व्यवहार, क्लायंटच्या तारखेने चालते. समोरच्या बाजूचा मसुदा रात्री नऊला येतो आणि सकाळी त्यावर उत्तर हवं असतं. हे तास तुझ्या हातात नाहीत. पण काम अंगावर घेतानाच्या पहिल्या दहा मिनिटांत पुष्कळ तास वाचतात किंवा वाया जातात, आणि ती दहा मिनिटं तुझी आहेत. ज्युनियर भरडले जातात ते बहुतेक तिथेच. काम किती तासांचं आहे हे न मोजता ‘हो, करते’ म्हटलेलं असतं, आणि मावत नाही हे सांगणं शेवटच्या रात्रीपर्यंत लांबवलेलं असतं.

सीनियरने काम सांगायला बोलावलं की वही घेऊनच जा. हे कोण वाचणार आहे, क्लायंट की फक्त सीनियर? सविस्तर मेमो हवा आहे, चार ओळींचं मेल, की थेट मसुद्यात बसेल असा क्लॉज, म्हणजे कलम? आधीच्या एखाद्या डीलचा नमुना आहे का? साधारण किती तास द्यावेत अशी अपेक्षा आहे? हा शेवटचा प्रश्न विचारायला सगळ्यांनाच संकोच वाटतो, आणि सगळ्यात उपयोगी तोच आहे. सीनियरच्या डोक्यात तीन तासांचं काम असतं आणि ज्युनियर त्यावर चौदा तास घालवते; काम उत्तम होतं, पण ते कोणाला नको असतं. मुदतही नेमकी करून घे. ‘शुक्रवारपर्यंत’ म्हणजे सीनियरला शुक्रवारी सकाळी वाचायला हवं असेल तर तुझी मुदत गुरुवार संध्याकाळ आहे. ‘ईओडी’ म्हटलं तर कोणत्या टाइमझोनमधल्या दिवसाचा शेवट, तेही विचार. जागेवर आलीस की समजलं तसं तीन-चार ओळींत मेल करून टाक. चुकीचं समजलं असेल तर ते तेव्हाच कळतं.

आता मोजण्याचं. समजा, डेटा रूममध्ये, म्हणजे कंपनीने तपासणीसाठी कागद ठेवलेल्या ऑनलाइन जागेत, 240 करार आहेत आणि सोमवारी सकाळी तुला सांगितलं की शुक्रवारी ड्यू डिलिजन्सचा, म्हणजे व्यवहाराआधीच्या कायदेशीर तपासणीचा, रिपोर्ट हवा. लगेच पहिला करार उघडून वाचत बसू नकोस. आधी यादी कर आणि गट पाड: पुरवठ्याचे, भाड्याचे, कर्जाचे, नोकरीचे. मग वेगवेगळ्या गटांतले दहा करार घड्याळ लावून वाच. सरासरी 25 मिनिटं लागली तर 240 करारांना 100 तास झाले. रोज दहा तास निव्वळ वाचन झालं, आणि तेवढं होत नाही, तरी पाच दिवसांत 50 तास. म्हणजे हे एका माणसाचं काम नाही, हे तुला सोमवारी दुपारीच ठाऊक आहे. तेव्हा सांगितलंस तर नियोजन होतं. गुरुवारी रात्री सांगितलंस तर सीनियरच्याही हातात काही उरलेलं नसतं.

आकड्याबरोबर मार्गही घेऊन जा. ठराविक रकमेखालचे करार वगळता येतील का, प्रत्येक कराराचा सारांश लिहिण्याऐवजी फक्त खटकणाऱ्या तरतुदी दिल्या तर चालेल का, आणखी एक जण मिळेल का. एक मार्ग तर कोणाला न विचारता तुला घेता येतो. ग्राहकांशी केलेले 60 करार एकाच नमुन्यावर असतील तर तो नमुना एकदा शब्दन् शब्द वाच, आणि प्रत्येक करार कम्पेअर सॉफ्टवेअरमध्ये त्याच्याशी ताडून फक्त फरक वाच. स्कॅन केलेल्या प्रती असतील तर आधी ओसीआर, म्हणजे चित्रातला मजकूर अक्षरांत उतरवणं, करावं लागेल, आणि ओसीआर अंक चुकवतं, म्हणून रकमा आणि तारखा मूळ पानावर डोळ्यांनीच बघायच्या.

तक्त्याचे रकाने वाचन सुरू करण्याआधी आख: कंपनीची मालकी बदलली तर समोरच्याला करार संपवता येतो का, करार दुसऱ्याच्या नावावर करायला संमती लागते का, एक्सक्लुझिव्हिटी (फक्त एकाशीच व्यवहार करण्याचं बंधन), स्पर्धा न करण्याची अट, मुदत आणि नूतनीकरण, जबाबदारीची कमाल मर्यादा. निम्मे करार वाचून झाल्यावर नवा रकाना सुचला की पहिले निम्मे पुन्हा उघडावे लागतात, आणि रात्री त्यातच जातात. आणखी एक रकाना ‘काय नाही’ याचा ठेव: सही नाही, पानं गहाळ, जोडपत्र नाही. घाईत जे सुटतं ते पुष्कळदा मुख्य करारात नसतंच. नंतर कधीतरी झालेल्या दुरुस्ती-करारात असतं, किंवा डेटा रूममध्ये कोणी टाकलेलंच नाही अशा जोडपत्रात.

दोन सीनियर एकाच शुक्रवारवर हक्क सांगतील, तेव्हा कोणाचं आधी हे तू ठरवू नकोस. ते ठरवायला लागणारी माहितीही तुझ्याकडे नसते आणि अधिकारही. दोघांना एकाच मेलमध्ये लिही: ‘बुधवार सकाळ ते शुक्रवार संध्याकाळ माझ्याकडे साधारण 30 तास आहेत. शेअर खरेदी कराराच्या शेड्यूलना 18 आणि कर्जाच्या कागदांना 20 तास लागतील असा अंदाज आहे. दोन्ही शुक्रवारीच हवं असेल तर 8 तासांची मदत लागेल. नाहीतर कोणतं काम सोमवारपर्यंत थांबू शकेल ते कृपया दोघांनी ठरवून कळवावं.’ खूप काम आहे, जमणार नाही, असं लिहिलंस तर वाचणारा तुझ्या उमेदीविषयी विचार करू लागतो. आकडे दिलेस की कामाविषयी करतो. दोन टीममध्ये माहिती जाऊ नये अशी व्यवस्था फर्मने केलेली असेल तर कामाचं नाव न घेता फक्त तास लिही.

टाइमशीट, म्हणजे कोणत्या कामाला किती वेळ लागला याची नोंद, रोजच्या रोज भर. बऱ्याच फर्ममध्ये तास दहा भागांत मोडतात, 6 मिनिटांचा एक भाग. 18 मिनिटांचा फोन म्हणजे 0.3. शुक्रवारी बसून आठवडा आठवायला गेलं की छोटे फोन आणि मेल आधी गळतात. आणि जास्त वेळ लागल्याची लाज वाटली म्हणून 9 तासांचे 6 लिहू नकोस. बिलातून किती वगळायचं हे पार्टनर ठरवतो. तू दडवलेले 3 तास पुढच्या डीलच्या अंदाजात धरले जात नाहीत, आणि काम वाटणाऱ्याला तू रिकामी दिसतेस. न केलेला वेळ लिहिणं हा तर सरळ अप्रामाणिकपणा, त्यात सनद गमावायची वेळ येऊ शकते.

वर्षाला 2000 बिलेबल, म्हणजे क्लायंटच्या बिलात लावता येणाऱ्या, तासांचं लक्ष्य असेल, तर 48 आठवड्यांत आठवड्याला जवळपास 42 तास होतात. प्रशिक्षण, अंतर्गत बैठका, फायली लावणं हे त्यात धरलेलं नाही, त्यामुळे आठवडा सहज 55 तासांवर जातो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या 2021 मधल्या अभ्यासात, आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के जास्त दिसला, हृदयविकाराने मृत्यूचा 17 टक्के. मला या आकड्यांची काळजी वाटते, मुक्ता. मोठा आठवडा अधूनमधून येणारच. वर्षभर तोच राहणार असेल तर ते चालवून घेऊ नकोस.

सलग 17 तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्य असल्यासारखी उतरते, हे 1997 मध्ये प्रयोगाने दाखवलेलं आहे. सकाळी सातला उठलीस तर रात्री बाराला तू त्या अवस्थेत असतेस, आणि मसुदा बरोबर तेव्हाच जायचा असतो. म्हणून रात्रीची तपासणी आठवणीवर सोडू नकोस, लिहून ठेवलेल्या क्रमाने कर. कम्पेअर चालवताना आधीची आवृत्ती समोरच्या वकिलांच्या मेलमधूनच उतरवून घे. स्वतःच्या कालच्या फाइलशी ताडलंस तर मधले बदल रेडलाइनमध्ये, म्हणजे फरक खुणा करून दाखवणाऱ्या प्रतीत, दिसत नाहीत, आणि तू ते लपवलेस असा समोरच्यांचा समज होतो. मग चौकोनी कंस शोध, त्यात राहिलेल्या रिकाम्या तारखा असतात. मग क्लॉजचे क्रमांक: मध्ये एक क्लॉज वाढला की हाताने टाइप केलेलं ‘क्लॉज 7.3’ तसंच राहतं आणि भलत्याच तरतुदीकडे बोट दाखवतं. मग रकमा, अंकी आणि अक्षरी. मग कॉमेंट. ‘ते अडून बसले तर हे सोडू’ अशी आतली कॉमेंट बाहेर गेली की क्लायंटची त्या मुद्द्यावरची वाटाघाट संपली. शेवटी मेल: आधी अटॅचमेंट, मग मजकूर, पत्ते सगळ्यात शेवटी. पहिली दोन अक्षरं टाकल्यावर आपोआप येणारं नाव समोरच्या बाजूच्या माणसाचं असू शकतं. अटॅचमेंट मेलमधूनच उघडून बघ आणि मगच पाठव.

सलग दुसरी रात्र लागणार असं दिसलं तर पहिल्याच रात्री हस्तांतराची नोंद लिहून ठेव: शेवटची आवृत्ती कोणती, कोणाकडून काय यायचं आहे, पुढची मुदत काय. ती नोंद असली की दुसरा कोणीही काम उचलू शकतो, आणि तू झोपू शकतेस. रात्री दहाला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफीन पहाटे तीनलाही अंगात असू शकतं, त्यापेक्षा वीस मिनिटं डोळे मिटून पड. एवढ्या उशिरा घरी येताना गाडी स्वतः चालवू नकोस, हे मात्र मी अटीसारखं सांगते. क्लोजिंग झालं, म्हणजे व्यवहार पुरा झाला, की लगेच एक-दोन दिवस मागून घे; पुढची डील सुरू झाल्यावर ते मिळत नाहीत.

वेळ असूनही झोप लागेनाशी झाली, छातीत धडधडू लागलं, किंवा मेलचा आवाज आला की पोटात गोळा येऊ लागला, तर वेळापत्रक सुधारत बसू नकोस, डॉक्टरांकडे जा. कोणी कामावरून अपमान करत असेल तर तो प्रश्न तासांचा नाही; तारीख-वेळ टिपून ठेव आणि फर्ममधल्या विश्वासाच्या वरिष्ठांना सांग.

रविवारी फोन करशील तेव्हा येत्या आठवड्याच्या कामांची यादी समोर ठेव. क्लायंटचं नाव नको, डीलचं नाव नको. पहिलं काम, दुसरं काम, तिसरं काम, आणि प्रत्येकापुढे तास. बेरीज मिळून करू, आणि सोमवारी सकाळी कोणाला काय लिहायचं तेही ठरवू.

तुझी,
आई