विजेच्या मागणीइतकीच नजर दाबावरही हवी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याची चाहूल लागली की आपल्या दैनिकासह सर्वच वृत्तपत्रांत राज्याच्या विजेच्या मागणीचे आकडे येऊ लागतात. मागणी किती मेगावॉटवर गेली, कोळसा किती दिवसांचा उरला, बाहेरून किती वीज घ्यावी लागली याची चर्चा होते आणि ती आवश्यकही आहे. परंतु वीज पुरेशी असतानाही केवळ दाब, म्हणजे व्होल्टेज, सावरता न आल्यामुळे एखाद्या जिल्ह्याची, प्रसंगी अख्ख्या देशाची यंत्रणा कोसळू शकते, हा मुद्दा त्या चर्चेत जवळपास येतच नाही. पारेषण उपकेंद्रात ऑपरेटर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला आणि आता रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात राहणारा वाचक या नात्याने मी त्याकडे लक्ष वेधू इच्छितो.

वारंवारता, म्हणजे फ्रिक्वेन्सी, संपूर्ण देशाच्या ग्रिडमध्ये एकच असते. ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये ठेवावी असे ग्रिड संहिता सांगते आणि ती घसरली तर काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळ्यांना एकाच वेळी दिसते. दाबाचे तसे नाही. दाब सावरण्यासाठी जी रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण दाब टिकवण्यासाठी आवश्यक वीज) लागते ती दूरवरून वाहून आणता येत नाही, कारण वाटेतल्या लाइनच ती खाऊन टाकतात. ती जिथल्या तिथे, जवळच्या जनित्रातून, कपॅसिटर बँकेतून (ती पुरवणाऱ्या कपॅसिटरच्या संचातून) किंवा स्टॅटकॉमसारख्या, ती गरजेनुसार देणाऱ्या-शोषणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतूनच मिळवावी लागते. त्यामुळे देशाची फ्रिक्वेन्सी नेमकी ५० असताना आमच्या तालुक्यातील १३२ केव्ही (एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) उपकेंद्र अडचणीत असू शकते, आणि त्याची खबर वरच्या नियंत्रण कक्षाला वेळेत मिळेलच असे नाही.

ही अडचण उपकेंद्रात कशी दिसते, किंबहुना कशी दिसत नाही, ते थोडे तपशिलाने सांगणे आवश्यक आहे. एप्रिल-मे महिन्यांत केळीला पाणी देण्यासाठी जवळपास प्रत्येक विहिरीवरचा आणि बोअरवरचा पंप चालू असतो. शेतीच्या फीडरवर (वीजवाहिनीवर) थ्री फेज सुरू होताच ऑटो स्विच (वीज येताच पंप आपोआप सुरू करणारे साधन) लावलेल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, आणि सुरू होताना प्रत्येक मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. काही सेकंद ३३ केव्हीचा काटा खाली जातो, १३२/३३ ट्रान्सफॉर्मरचा टॅप चेंजर (बाहेर जाणारा दाब कमी-जास्त करणारे साधन) एक-एक पायरी चढवत जातो आणि काटा पुन्हा जागेवर येतो. लॉगशीटमध्ये नोंद तासाची असते. त्यामुळे तासाच्या ठोक्याला ऑपरेटर ‘३३’ लिहितो आणि कागदावर सर्व काही आलबेल दिसते. परंतु त्याच कागदावरच्या टॅप पोझिशनच्या रकान्याकडे पाहिले, तर सकाळी ५ वर असलेला टॅप दुपारपर्यंत १३ वर गेलेला आढळतो. दाब टिकलेला नसतो, तो टॅप चढवून टिकवलेला असतो. टॅप चढवला की पंपांना पूर्ण दाब मिळतो, ते पूर्ण भार घेतात, त्यामुळे १३२ केव्हीच्या लाइनवर करंट वाढतो आणि तिकडचा दाब आणखी खाली येतो. एखाद्या दुपारी टॅपच्या पायऱ्या संपतात आणि कपॅसिटर बँकही आधीच पूर्ण चालू असते. त्यातच दाब दहा टक्क्यांनी घसरला तर कपॅसिटरची ताकद एकोणीस टक्क्यांनी कमी होते, कारण ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे ज्या क्षणी आधाराची सर्वाधिक गरज असते, त्याच क्षणी तो आधार सर्वाधिक दुबळा झालेला असतो. म्हणून निव्वळ दाबाचा आकडा पाहून ‘स्थिर’ म्हणणे चुकीचे आहे. खरा प्रश्न असतो तो कोसळण्याच्या मर्यादेपासून आपण किती अंतरावर आहोत हा, आणि ते अंतर तासाच्या नोंदीत सापडत नाही.

याचे सर्वात बोलके उदाहरण जपानमधील आहे. २३ जुलै १९८७ रोजी टोकियोत कडक उन्हाळा होता. दुपारच्या जेवणाच्या सुटीनंतर एक वाजता कार्यालये पुन्हा सुरू झाली आणि वातानुकूलन यंत्रांमुळे मागणी मिनिटाला सुमारे ४०० मेगावॉट या वेगाने वाढू लागली. उपलब्ध कपॅसिटर जोडले गेले, तरीही ५०० केव्हीच्या जाळ्यातील दाब घसरतच राहिला आणि १ वाजून १९ मिनिटांच्या सुमारास तो काही ठिकाणी ३७० केव्हीच्या आसपास आला. आठ हजारांहून अधिक मेगावॉट भार तुटला आणि सुमारे २८ लाख ग्राहक अंधारात गेले. इतकी मोठी घसरण अवघ्या वीस मिनिटांत झाली. हे प्रकरण घडले त्या काळी जगातल्या उत्तम यंत्रणांपैकी एक तिथे होती, हे विसरता कामा नये.

आपल्याकडे ३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तर ग्रिड बंद पडले तेव्हा आपोआप तुटलेल्या बिना-ग्वाल्हेर ४०० केव्ही लाइनवर प्रत्यक्षात कोणताही बिघाड नव्हता. बिघाड दिसताच लाइन तोडणारा डिस्टन्स रिले दाब आणि करंट यांच्या गुणोत्तरावरून निर्णय घेतो. करंट जास्त आणि दाब कमी झाला की निव्वळ भारही त्याला बिघाडासारखा दिसू शकतो, आणि तसेच झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन ग्रिडे बंद पडून साठ कोटींहून अधिक लोकांना फटका बसला.

दाब वाढल्यामुळेही असा अनर्थ होऊ शकतो, हे २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये दिसले. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास सौरऊर्जा भरपूर होती आणि मागणी बेताची होती. लाइनवर भार कमी असला की लाइन स्वतःच कपॅसिटरसारखी वागून दाब वाढवते. दाब आटोक्यात ठेवण्याची जबाबदारी असलेल्या पारंपरिक प्रकल्पांनी पुरेशी रिॲक्टिव्ह पॉवर शोषली नाही. सौर आणि पवन प्रकल्प तर ठरावीक पॉवर फॅक्टरवर, म्हणजे रिॲक्टिव्ह पॉवरचे प्रमाण कायम ठेवून, चालत असल्यामुळे दाबाकडे पाहतच नव्हते. वाढलेल्या दाबामुळे एक-एक प्रकल्प तुटत गेला आणि काही सेकंदांत दोन्ही देश अंधारात गेले. त्यानंतर तिथे सौर आणि पवन प्रकल्पांनाही दाब नियंत्रणात सहभागी करून घेण्याचे नियम झाले.

ही घटना आपल्यासाठी दूरची नाही. पावसाळ्यात मध्यरात्री भार कमी असताना दाब आवरण्यासाठी ४०० केव्हीच्या काही लाइन बंद ठेवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधून शेतीचे फीडर दिवसाच्या सौरविजेवर आणले जात आहेत. शेतकऱ्याला रात्री-अपरात्री सापाकिरडांत पंप सुरू करायला जावे लागू नये, ही या योजनेची मूळ भावना मला मनापासून मान्य आहे. परंतु ढग आला की काही मिनिटांत सौरप्रकल्पाची वीज उतरते, पंप मात्र चालूच राहतात, आणि तो सगळा भार एकदम उपकेंद्रामागच्या पारेषण लाइनवर येतो. उलट पंप बंद असलेल्या पावसाळी दिवशी ऊन पडले तर दाब चढतो. पूर्वी दीपनगरसारख्या औष्णिक केंद्रातील जनित्रे दाबाचे हे चढउतार आपोआप सावरत. दुपारी ती कमी क्षमतेने चालू लागल्यावर ते काम कोण करणार, हे आधीच ठरलेले असले पाहिजे.

देखरेखीचे साधन आपल्याकडे नाही असे मुळीच नाही. पॉवरग्रिडने देशभरातील उपकेंद्रांत हजाराहून अधिक फेझर मेजरमेंट युनिट बसवली आहेत. उपग्रहाच्या घड्याळाशी वेळ जुळवून ती सेकंदाला अनेक वेळा दाब आणि करंट मोजतात, तर स्काडा या जुन्या दूरदेखरेखीच्या पद्धतीत आकडा काही सेकंदांनी बदलतो. अशा मोजमापांतून भाराची इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा अवरोध) आणि उपकेंद्रामागच्या जाळ्याची इम्पिडन्स यांची सतत तुलना करता येते. दोन्ही सारख्या होऊ लागल्या की जास्तीत जास्त वीज वाहून नेण्याची मर्यादा जवळ आली, असे समजावे. जोडीला परिसरातील जनित्रे, कपॅसिटर आणि स्टॅटकॉम यांच्याकडे किती राखीव रिॲक्टिव्ह पॉवर शिल्लक आहे ते पाहिले, तर ऑपरेटरला वेळेआधी सूचना मिळू शकते. परंतु या यंत्रणेचा भर ४०० केव्ही आणि त्यावरील जाळ्यावर आहे. पश्चिम विभागीय भार प्रेषण केंद्र रोजच्या अहवालात कमाल आणि किमान दाब जाहीर करते, तोही प्रामुख्याने याच मोठ्या उपकेंद्रांचा. शेतकऱ्याची मोटार जळते ती मात्र १३२ केव्हीच्या पलीकडे, जिथे ही नजर पोहोचत नाही.

म्हणून राज्याच्या पारेषण आणि वितरण यंत्रणांकडे माझी विनंती आहे की, जळगाव, सोलापूर, सांगली, अहिल्यानगर यांसारख्या मोठ्या शेतीभाराच्या जिल्ह्यांतील १३२ केव्ही उपकेंद्रांत फेझर मोजणी प्राधान्याने न्यावी. ती येईपर्यंत निदान टॅप पोझिशन आणि दाब यांची नोंद मिनिटामिनिटाला संगणकावर साठवावी, कारण त्यासाठी फार मोठा खर्च नाही. या उपकेंद्रांचा रोजचा कमाल-किमान दाब ४०० केव्हीप्रमाणेच जाहीर करावा. नव्या सौरप्रकल्पांच्या इन्व्हर्टरना दाब पाहून रिॲक्टिव्ह पॉवर देण्या-घेण्याची सेटिंग करारातच बंधनकारक असावी आणि ती प्रत्यक्ष चालते का याची चाचणी प्रकल्प सुरू करतानाच व्हावी. शेतकरी बांधवांनीही ऑटो स्विच काढून पंपाला योग्य क्षमतेचा कपॅसिटर लावावा. वितरण कंपनी हे आवाहन दरवर्षी करते आणि ते रास्त आहे. परंतु त्याच वेळी उपकेंद्रांतील किती कपॅसिटर बँका जोडलेल्या आहेत, किती फ्यूज किंवा सेल गेल्यामुळे बंद पडून आहेत आणि त्या मार्चअखेरपर्यंत कधी दुरुस्त होणार, याची तालुकानिहाय यादी कंपनीनेही दरवर्षी फेब्रुवारीत प्रसिद्ध करावी.

आपला,
एक निवृत्त उपकेंद्र ऑपरेटर, यावल (जि. जळगाव)