जुनी रजिस्टरे रद्दीत घालू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुटी लागली की महाविद्यालयांत कपाटे उपसायला सुरुवात होते. नवे प्रवेश तोंडावर आलेले असतात, त्यात नॅकची (महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची) तपासणी ठरली असेल तर विचारायलाच नको. जिन्याखालच्या खोलीतली फाटकी रजिस्टरे, बांधणी सुटलेले वार्षिक अंक, काच तडकलेले फोटो हे सगळे अडगळ म्हणून बाहेर निघते आणि किलोच्या भावाने जाते. हे पत्र कोणा एका संस्थेला उद्देशून नाही. शहरातल्या आणि तालुक्यातल्या सगळ्याच जुन्या महाविद्यालयांना आमची विनंती आहे, की यंदा ही खोली उघडण्याआधी थोडे थांबा.

सोलापुरात दयानंद महाविद्यालय १९४० साली सुरू झाले, संगमेश्वर १९५३ साली. २०२८ मध्ये संगमेश्वरला पंचाहत्तर वर्षे होतील. अशा निमित्ताने स्मरणिका निघतात. त्यांत प्राचार्यांची यादी आणि इमारतीची छायाचित्रे असतात, ती असावीतच. पण तिथे शिकून गेलेल्या हजारो मुलामुलींचा सलग माग जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाची नोंदवही, आणि वार्षिक अंक यांतच लागतो.

आपल्या शहराला तर रजिस्टरांची गरज जास्तच आहे. इथली महाविद्यालये आधी मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. १९४९ साली पुणे विद्यापीठ निघाल्यावर ती पुण्याकडे गेली, १९६२ नंतर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे आणि २००४ पासून सोलापूर विद्यापीठाकडे. एकाच घरातल्या आजोबा, वडील आणि नातवाने एकाच वर्गखोलीत बसून तीन वेगवेगळ्या विद्यापीठांच्या पदव्या घेतल्या, असे इथे सहज घडते. परीक्षांचे कागद चार शहरांत विखुरले, आणि मुलाचे नाव, गाव, जन्मतारीख, आधीची शाळा हे मात्र एका जागी, महाविद्यालयाच्या रजिस्टरात राहिले. ‘इंटर’, ‘ज्युनिअर बी.ए.’, ‘प्री-डिग्री’ हे १०+२+३ येण्यापूर्वीचे वर्गही आता तिथेच भेटतात.

शिवाय या नोंदींना कायद्याने किंमत आहे. जातपडताळणीला अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांच्या प्रवेशाच्या नोंदीत जातीचा रकाना भरलेला असेल, तर त्या एका ओळीवर नातीचा प्रवेश टिकू शकतो. ते पान रद्दीत गेले, तर त्या घराने दाद मागायची कुणाकडे?

वार्षिक अंकात आपण कविता आणि लेख पाहतो नि अंक मिटतो. विद्यार्थिजीवन असते मागच्या पानांवर: जिमखान्याचा अहवाल, वसतिगृह, एनसीसी, वादविवाद मंडळ, गॅदरिंगमधली नाटके आणि त्यांतली पात्रे, वर्गप्रतिनिधींची नावे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी प्रतिनिधी गुणवत्तेवर नेमायला सुरुवात झाली. त्याआधी जीएसच्या (विद्यार्थ्यांच्या सरचिटणीसाच्या) निवडणुकीने महाविद्यालय महिनाभर कसे ढवळून निघायचे, हे या अहवालांच्या ओळींमधून कळते. पुस्तकबांधणीवाले पुष्कळदा जाहिराती आणि अहवाल काढून टाकून अंक शिवतात. तसे करू देऊ नका. त्या काळची सोलापुरातली दुकाने, खाणावळी, छापखाने त्या जाहिरातींतच आहेत.

आता काम कसे करायचे ते. सगळ्यात आधी यादी: कपाट, खण, वर्षे, अवस्था. यादी पूर्ण होईपर्यंत एकही कागद जागेवरून हलवू नये. मग सफाई. मऊ ब्रशने पुठ्ठ्याच्या शिवणीकडून बाहेरच्या बाजूला धूळ काढावी, तोंडाला मास्क हवा, बोटाला थुंकी लावून पान उलटू नये. ओल आलेली रजिस्टरे सावलीत, वाऱ्यावर वाळवावीत. सोलापूरच्या एप्रिलच्या उन्हात घातली तर कागद ताडकन वाळून ठिसूळ होतो आणि पुठ्ठा वाकतो. कसर बांधणीतली खळ खायला येते. डांबराच्या गोळ्यांनी ती फार तर दूर जाते, अंडी मरत नाहीत. कीड लागलेले रजिस्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावे. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नये, नाहीतर दव धरून शाई फुटते. फोटो आणि काचेच्या निगेटिव्ह मात्र फ्रीजरमध्ये घालू नयेत.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावणे आणि पान लॅमिनेट करणे हे दोन उपाय सगळ्यात जास्त नुकसान करतात. टेपची पट्टी काही वर्षांत गळून पडते, डिंक मात्र कागदात मुरून पिवळा पडतो आणि खालची अक्षरे झाकतो. जुन्या नोंदी बहुधा निळ्या-काळ्या शाईच्या असतात. त्या शाईतले लोह आणि आम्ल कागद आतून खात राहते, लॅमिनेशनमध्ये ते आम्ल कोंडून बसते आणि पान परत सोडवताही येत नाही. फाटलेल्या जागी पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ पुरते. तेही हात बसलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे.

स्कॅनिंगचे कंत्राट देताना एक गोष्ट जरूर पाहा. जुनी रजिस्टरे फुलस्केप असतात, पान साडेतेरा इंच उंच आणि साडेआठ इंच रुंद. साध्या ए-फोर यंत्राची काच पावणेबारा इंचांच्या आत संपते. पान त्यावर बसवताना कुठली तरी कड कापली जाते, आणि उजवी कड गेली तर ‘शेरा’ हा रकाना जातो. नाव कधी, कशामुळे कमी झाले, फी माफ होती का, दाखला कुठल्या तारखेला नेला हे सगळे तिथेच लिहिलेले असते. शिवण दाबून रजिस्टर उताणे पाडण्यापेक्षा ते अर्धे उघडून वरून कॅमेऱ्याने टिपावे. ३०० डीपीआयला, रंगीत, टिफ स्वरूपात जोडपानाची फाइल सुमारे ६२ एमबी होते. म्हणजे २०० जोडपानांच्या रजिस्टरला साडेबारा जीबी धरा. एक टेराबाइटच्या डिस्कवर अशी ऐंशी रजिस्टरे मावतात. प्रती तीन ठेवाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत.

नोंदी एक्सेलमध्ये भरताना जन्मसाल चारही अंकी लिहा. १९४० साली प्रवेश घेतलेली मुले १९२० च्या आसपास जन्मलेली. तारखेत साल ‘२२’ एवढेच टाइप केले, तर एक्सेल ते २०२२ करून टाकते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. नावे मुळात जशी लिहिली आहेत तशीच ठेवावीत. तेलुगू आडनावे आणि कन्नड गावे इंग्रजी अक्षरांत चार-चार तऱ्हांनी लिहिलेली असतात, त्यांच्यासाठी प्रमाणरूपाचा वेगळा रकाना करावा. ही रजिस्टरे इंटरनेटवर मात्र टाकू नयेत. त्यांत जात आणि जन्मतारीख आहे, अर्ज करणाऱ्याला त्याच्यापुरती नोंद द्यावी.

मूळ रजिस्टरे स्कॅननंतरही जपायचीच आहेत. ती आडवी ठेवावीत, एकावर एक तीन-चारपेक्षा जास्त नकोत, कपाट भिंतीपासून वीतभर दूर. गुंडाळायला आपल्याकडे मांजरपाटाला तोटा नाही. तो दोनदा धुऊन खळ काढून वापरावा, रंगीत कापड नको.

गॅदरिंगच्या सामूहिक फोटोंचे काम सगळ्यात आधी हाती घ्या, कारण चेहरे ओळखणारी माणसे आता नव्वदीकडे झुकली आहेत. फोटोची मोठी झेरॉक्स काढून प्रत्येक चेहऱ्याला आकडा द्यावा आणि ती प्रत घेऊन त्यांच्या घरी जावे. मूळ फोटोच्या मागे लिहायचेच असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनचा दाब पुढे चेहऱ्यावर उमटतो.

पुण्याचे डेक्कन कॉलेज सरकारने १९३४ साली बंद केले, तेव्हा त्याचे माजी विद्यार्थी कोर्टात गेले आणि १९३९ मध्ये ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. आपल्या शहरातल्या माजी विद्यार्थी संघांकडून एवढ्या लढ्याची अपेक्षा नाही. प्रत्येक संघाने पावसाळ्यापूर्वी दोन माणसे आणि एक कपाट द्यावे, आणि यादी होईपर्यंत रद्दीवाल्याला आवारात येऊ देऊ नये.

आपले,
महाविद्यालयीन कार्यालय व ग्रंथालयातील काही निवृत्त कर्मचारी,
सोलापूर