नव्या शिक्षकाला पहिले सहा आठवडे एकटा वर्ग देऊ नका

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

शिक्षकांची भरती सरकारच्या पवित्र पोर्टलवरून गुणांनुसार होते, ते आम्हाला मान्यच आहे. अडचण पुढे आहे. त्यासाठीच्या अभियोग्यता चाचणीत २ तासांत २०० प्रश्न सोडवणाऱ्याला पहिलीच्या पोराला वाचायला शिकवता येतं का, हे कुणी पाहतच नाही. जिल्हा परिषद, महापालिकेच्या शाळांसाठी मुलाखत नाही, त्यामुळे पाठ घेऊन दाखवायची वेळच येत नाही.

चौथीपर्यंतच्या शाळेत ६० मुलांच्या पटापर्यंत शिक्षक दोन, इयत्ता चार. एक जण बैठकीला गेला की दुसऱ्याकडे चारही. त्यात दिवाळीनंतर शिरोळ, हातकणंगले, कागलच्या ऊसपट्ट्यात तोडणीच्या टोळ्या उतरतात. टोळीतली पोरगी वयाने तिसरीची, अक्षरओळख पहिलीचीही नाही, घरात कधी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारी. वयानुसार वर्गात बसवा आणि मागे राहिलेलं वेगळं शिकवा, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. हे दुसरं नव्या शिक्षकाने कुठे शिकावं?

एकच उदाहरण घ्या. पोरं घ आणि ध, भ आणि म यांत गोंधळतात, कारण फरक मुख्यतः शिरोरेषेतल्या फटीचा. नवा शिक्षक तेच अक्षर पाटीवर दहा वेळा गिरवून घेतो. दुसऱ्या दिवशी गोंधळ तसाच. ‘घर’ आणि ‘धर’ शेजारी लिहा, फटीवरून बोट फिरवायला लावा, मग वाचून घ्या. हे जुन्या बाईंच्या वर्गात मागे बसल्याशिवाय कळत नाही.

म्हणून नेमणुकीचे आदेश मे महिन्यातच द्या. जूनमध्ये शाळा उघडली की दोन आठवडे नुसतं पाहणं, दोन आठवडे रोज वाचनाचा एक तास, शेवटचे दोन आठवडे पूर्ण वर्ग, पण अनुभवी शिक्षक वर्गात हवेत. त्या काळात त्यांची ऑनलाइन माहिती आणि पोषण आहाराच्या नोंदी दुसऱ्याकडे द्या. नाहीतर काय होतं ते सांगतो: हे अनुभवी शिक्षकच ते सगळं नव्या शिक्षकाच्या गळ्यात घालतात, आणि सहा आठवड्यांत तो फक्त रकाने भरायला शिकतो. पुढे वर्षभर, आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी पंधरवड्यातून एकदा यावं. शाळेचं दप्तर न तपासता चार पोरांकडून वाचून घ्यावं. नव्या शिक्षकाच्या मानधनाचं वेगळं लिहूच. महिना १६ हजारांत खोलीभाडं आणि रोजचं पेट्रोल भागवून पाहा, एवढंच.

टोळ्या परतताना मुलांना, पुढच्या शाळेत शिक्षण चालू राहावं म्हणून, शिक्षण हमी पत्रक मिळतं. मूल अक्षरांवर आहे, शब्दांवर की वाक्यांवर, हे त्यावर दोन ओळींत लिहिणं सक्तीचं करा. गावाकडच्या गुरुजींना पुन्हा ग म भ न पासून सुरुवात करावी लागणार नाही.

आपले,
जिल्ह्यात प्राथमिक शिक्षणाचं काम करणारे आम्ही काही जण
कोल्हापूर