पोब्लानोच्या डब्यात ढोबळी मिरची: 'मेक्सिकन भरली मिरची' संचाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: मोले सॉसच्या लेबलवर शेंगदाणे व बदाम यांचा उल्लेख नसणे, पोब्लानो आणि आन्चो मिरच्यांच्या नावाखाली दुसऱ्याच मिरच्या देणे, आणि पुस्तिकेतील चुकीच्या कृती.

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी 'मेक्सिकन भरली मिरची' हा संच मागवला होता. त्यात भाजून सोललेल्या पोब्लानो (भरण्यासाठी वापरतात त्या मोठ्या मेक्सिकन) मिरच्यांचा डबा, आन्चो या सुक्या मेक्सिकन मिरच्यांचे पाकीट, मोले या मिरची-मसाल्याच्या दाट मेक्सिकन सॉसची बरणी, हिरव्या साल्साची बाटली आणि मराठी पुस्तिका होती. संच उघडल्यावर लगेच ग्राहक सेवेला फोन केला, फोटो पाठवले. "नैसर्गिक मालात चवीचा थोडाफार फरक पडतोच," असे उत्तर आले आणि सोबत पुढच्या खरेदीसाठी सवलतीचे कूपन. माझी तक्रार चवीच्या फरकाची नाही. वर एक नाव छापून आत दुसराच माल भरला आहे, आणि एका बरणीवर तर जिवाशी संबंध असलेली माहितीच छापलेली नाही. कूपन मला नको.

सर्वांत तातडीची बाब आधी लिहिते, ती मोलेची. बरणीवर घटक म्हणून मिरची, टोमॅटो, साखर, कोको, खाद्यतेल, मीठ आणि मसाले एवढेच छापले आहे. त्याच खोक्यातल्या आपल्या पुस्तिकेत मात्र "भाजलेले शेंगदाणे आणि बदाम घालून वाटलेला आमचा खास मोले" असे वाक्य आहे. दोन्हींपैकी एक खोटे आहे. बरणीतला सॉस मी गाळणीतून गाळून पाहिला, तेव्हा शेंगदाण्याच्या कुटाचे कण स्पष्ट दिसले. फोटो सोबत जोडला आहे.

मोलेत दाणे-बदाम असणे चूक नाही, उलट ते असायलाच हवेत. मी नोकरीनिमित्त काही काळ मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात राहिले आहे. तिथेही मोटारींचे मोठे कारखाने आहेत आणि त्याच कामासाठी मी चाकणहून गेले होते. ज्यांच्या घरी मी भाड्याने राहत होते, त्या बाईंच्या स्वयंपाकघरात मी मोले शिकले. मुलातो, आन्चो आणि पासिया या सुक्या मिरच्या वेगवेगळ्या परतायच्या. मग बदाम, शेंगदाणे, तीळ, बेदाणे, पिकलेले राजेळीसारखे केळे, शिळ्या तोर्तियाचे (मक्याच्या पोळीचे) तुकडे, दालचिनी, लवंग, मिरी हे सगळे निरनिराळे तळून-भाजून वाटायचे, आणि शेवटी थोडे चॉकलेट. ज्याने हे पाहिले आहे, तो बरणी हातात घेतल्यावर लेबल काहीही म्हणो, आत दाणे असणार हे ओळखतो. ज्याने पाहिलेले नाही, त्याने काय करायचे? त्याच्यासाठी तर लेबल असते.

माझ्या भाच्याला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. त्या दिवशी तो जेवायला होता. मोले म्हणजे काय हे मला ठाऊक असल्याने त्याच्यासाठी मी वेगळे केले होते, म्हणून काही झाले नाही. पण ही बरणी अशा घरी गेली, जिथे आई लेबल नीट वाचते, शेंगदाणे दिसत नाहीत म्हणून निर्धास्तपणे मुलाला वाढते, तर त्या मुलाचा घसा सुजू शकतो, श्वास अडकू शकतो. भारतात अन्न सुरक्षा व मानके (लेबलिंग आणि प्रदर्शन) विनियम, २०२० नुसार शेंगदाणे आणि बदाम-अक्रोडासारखा कठीण कवचाचा मेवा यांचा ॲलर्जीकारक घटक म्हणून स्वतंत्र उल्लेख करणे बंधनकारक आहे. आपल्यासारख्या खाद्यपदार्थ विकणाऱ्या कंपनीला हे माहीत नसेल, असे मी मानत नाही. ही बरणी आजच विक्रीतून काढा, आणि ज्यांनी ज्यांनी ती घेतली आहे त्यांना कळवा. आपल्याकडे प्रत्येक मागणीचा फोन क्रमांक आहे.

आता डब्याकडे येते. वर ठळक अक्षरांत 'आगीवर भाजून सोललेल्या अख्ख्या पोब्लानो मिरच्या' असे लिहिले आहे. आत निघाली ती पाण्यात उकडलेली ढोबळी मिरची. चार फुगीर कप्पे, बोथट टोक, साल जशीच्या तशी, आणि बहुतेक मिरच्या उभ्या फाटलेल्या. पोब्लानो खांद्याशी रुंद असते, टोकाकडे निमुळती होत जाते, रंग काळपट हिरवा. भाजून सोललेल्या पोब्लानोला धुराचा वास येतो आणि अंगावर कुठे कुठे करपलेल्या सालीचे ठिपके राहतात. आपल्या डब्यात यातले काहीच नव्हते. तिखटपणाही नव्हता. तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिल मापाने पोब्लानो साधारण १,००० ते २,००० असते, हालापेन्यो २,५०० ते ८,०००, आणि ढोबळी मिरची शून्य.

यावर आपल्या प्रतिनिधीने लेखी कळवले की डब्यावर 'कॅप्सिकम ॲनम' असे शास्त्रीय नाव दिले आहे आणि ते बरोबर आहे. बरोबर आहेच, पण त्याने काही सिद्ध होत नाही. पोब्लानो, हालापेन्यो, सेरानो, आपली ब्याडगी, ज्वाला आणि ढोबळी या सगळ्याच कॅप्सिकम ॲनम. मेक्सिकोतल्या माणसांनी हजारो वर्षे जोपासून या एका जातीतून इतके वाण काढले, त्यातलेच काही सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या बाजूने आपल्याकडे आले आणि इथल्या मातीत आपापल्या चवीने वाढले. ग्राहक पैसे मोजतो ते वाणासाठी. शास्त्रीय नाव पुढे करून वाणाचा प्रश्न टाळता येणार नाही.

आणि वाण एवढा महत्त्वाचा का, हे आपल्या पुस्तिकेवरून आपल्याला कळलेले दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. पुस्तिकेत 'चिले रेयेनो'ची, म्हणजे भरल्या मिरचीची, कृती अशी दिली आहे: मिरचीचे डोके कापा, सारण भरा, वर चीज किसा, ओव्हनमध्ये २० मिनिटे ठेवा. साल काढायची गरज नाही, असेही छापले आहे. हा पदार्थ चांगला होत असेल, पण तो चिले रेयेनो नव्हे. पोब्लानोची साल जाड, मेणचट आणि चिवट असते, ती पोटातही नीट जिरत नाही. म्हणून मिरची थेट आचेवर किंवा कोमाल म्हणजे तव्यावर सगळीकडून काळी होईपर्यंत भाजतात. मग फडक्यात गुंडाळून झाकून ठेवतात. वाफेने साल सुटते आणि बोटांनी ओढली की निघते. नळाखाली धुवायची नाही, धुतली की भाजल्याचा वास पाण्याबरोबर गेला. देठ ठेवून बाजूने एकच चीर द्यायची, बिया आणि शिरा अलगद काढायच्या, आत चीज किंवा बेदाणे-बदाम घातलेला खिमा भरायचा. वरून मैदा भुरभुरायचा, नाहीतर पुढचे आवरण मिरचीला धरत नाही. अंड्याचा पांढरा बलक घट्ट फेसून त्यात पिवळा हलक्या हाताने मिसळायचा, मिरची त्यात घोळवून तळायची आणि टोमॅटोच्या पातळ रश्श्यात सोडून वाढायची. भाजल्यावरही आकार न मोडणारी, सारण धरून ठेवणारी आणि बेताची तिखट अशी मिरची यासाठी लागते. पोब्लानो तशी असते. उकडून फाटलेली ढोबळी मिरची चीर द्यायच्या आधीच हातात सुटते, आणि माझ्याकडे नेमके तसेच झाले.

पुण्याच्या मंडईत पोब्लानो सहजी मिळत नाही, हे मला माहीत आहे. मी एरवी भावनगरी मिरची भाजून सोलून भरते. आकार लांबट येतो, पण भाजल्याची चव आणि हलका तिखटपणा राहतो. आपणही डब्यावर 'भावनगरी' किंवा 'ढोबळी मिरची, मेक्सिकन पद्धतीने' असे लिहून विकले असते तर मी एक ओळही लिहिली नसती.

आन्चोच्या पाकिटाचेही तेच. पिकून लाल झालेली पोब्लानो वाळवली की तिची आन्चो होते, म्हणजे डबा आणि पाकीट यांत एकाच मिरचीची ओली आणि सुकी रूपे असायला हवी होती. पाकिटातून निघाली लांब, बारीक, सुरकुतलेली लालभडक ब्याडगी. माझ्याकडे पुएब्लातल्या एका सहकाऱ्याने आणलेल्या आन्चो आहेत. दोन्ही शेजारी ठेवून काढलेला फोटो पाहावा. आन्चो तळहाताएवढी रुंद, काळपट तपकिरी, आणि वास मनुकांसारखा गोडसर. गरम पाण्यात भिजवली की तिचा गर फुगतो आणि वाटल्यावर सॉस त्यानेच दाट होतो. ब्याडगीला एवढा गर नसतो. तिचे बळ रंगात आहे. ब्याडगी ही मोठ्या मानाची मिरची आहे, तिला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तिच्यावर परदेशी नाव चिकटवून चढ्या भावाने विकण्यात ब्याडगी पिकवणाऱ्या शेतकऱ्याचाही अपमान आहे आणि पुएब्लातल्या शेतकऱ्याचाही.

त्यातून पुस्तिका सांगते, सुक्या मिरच्या "काळ्या होईपर्यंत तळा". असे केले तर सॉस कडूजहर होतो. सुकी मिरची पुसून, चिरून, बिया काढून मध्यम तव्यावर काही सेकंद एका बाजूने, काही सेकंद दुसऱ्या बाजूने दाबायची. वास सुटला की उतरवायची. मग गरम पाण्यात पाव तास भिजवून वाटायची, वाटण गाळायचे आणि गरम तेलात पुन्हा परतायचे, म्हणजे कच्चा वास जातो. आपल्याकडे वाटण परतल्याशिवाय रस्सा करत नाहीत, तीच समज तिथेही आहे. पुस्तिकेत परतण्याचा टप्पाच नाही.

हिरव्या साल्साबद्दल थोडक्यात: समोर टोमॅटिलोचे चित्र, मागे घटकांत 'कच्चे टोमॅटो' आणि हिरवा रंग. टोमॅटिलो ही कागदी आवरणातली, रसभरीच्या कुळातली वेगळी वनस्पती आहे. तिचा आंबटपणा कच्च्या टोमॅटोत येत नाही.

पुस्तिकेतल्या एका पानाने मला सर्वांत जास्त वाईट वाटले. ते 'चिले एन नोगादा'चे. पुएब्लाची ही मानाची डिश. १८२१ मध्ये मेक्सिकोच्या स्वातंत्र्याच्या वेळी सेनापती आगुस्तिन दे इतुर्बिदे पुएब्लात आला, तेव्हा सांता मोनिका मठातल्या जोगिणींनी त्याच्यासाठी ती केली, अशी आख्यायिका तिथे घरोघरी सांगतात. भरलेल्या हिरव्या मिरचीवर नोगादा म्हणजे अक्रोडाचा पांढरा सॉस आणि डाळिंबाचे लाल दाणे, म्हणजे झेंड्याचे तिन्ही रंग. ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते, कारण नवे अक्रोड आणि डाळिंबे तेव्हाच येतात. सारणातले पीच आणि नासपतीही त्याच हंगामातले. आपण छापले आहे की ती ५ मेच्या सणाची डिश आहे. ५ मे हा १८६२ मध्ये पुएब्लाच्या लढाईत मेक्सिकोने फ्रेंच सैन्याला हरवल्याचा दिवस. त्याचा नोगादाशी संबंध नाही. आणि अक्रोडाऐवजी आपण सांगता "काजूची गरम ग्रेव्ही ओता". नोगादा शिजवत नाहीत. अक्रोड भिजवून त्यांची कडवट साल एकेक करून काढतात, दूध आणि ताज्या चीजबरोबर वाटतात आणि मिरचीवर तसाच ओततात. काश्मीरचे अक्रोड आणि सोलापूरकडची डाळिंबे घेऊन हे सगळे पुण्यातही जमते. युनेस्कोने २०१० मध्ये मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. हे वाक्य आपण पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर मिरवले आहे. मग आतल्या पानांत त्या पाककलेची किमान माहिती तरी खरी द्यायला हवी होती.

माझ्या मागण्या अशा. मोलेची बरणी तत्काळ विक्रीतून काढून सर्व ग्राहकांना शेंगदाणे-बदामांबद्दल लेखी सूचना द्यावी. संचाची पूर्ण रक्कम पाठवणी खर्चासह मूळ खात्यात परत करावी. डबा, पाकीट आणि बाटली यांवर आतल्या मालाचे खरे नाव छापेपर्यंत संकेतस्थळावरची 'पोब्लानो', 'आन्चो' आणि 'टोमॅटिलो' ही वर्णने काढावीत. पुस्तिकेतल्या कृती मेक्सिकन स्वयंपाक जाणणाऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्याव्यात. तपासणीसाठी कोणी मिळत नसेल तर मी स्वतः पाने वाचून दुरुस्त्या सुचवायला तयार आहे, त्याचे पैसे मला नकोत.

मोलेच्या लेबलची तक्रार मी आजच अन्न व औषध प्रशासनाकडे वेगळी पाठवत आहे, ती आपल्या उत्तरासाठी थांबवलेली नाही. उरलेल्या बाबींवर १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. उघडलेला डबा, पाकीट, बाटली आणि मोलेची बरणी लेबलांसह फ्रीजमध्ये ठेवली आहे. तपासणीसाठी माणूस पाठवायचा असल्यास आदल्या दिवशी कळवावे.

आपली,
एक ग्राहक, पुणे

सोबत: पावतीची प्रत, वेष्टनांचे व मालाचे फोटो, पुस्तिकेतील संबंधित पानांच्या प्रती, आपल्या प्रतिनिधीच्या उत्तराची प्रत.