एका भोरडीसाठी

ती. आई-बाबा, सा. न.

शनिवारी फोन लागला नाही म्हणून काळजी करत बसला असाल, मी स्पर्नला पक्षी बघायला गेले होते, तिथे रेंजचं काही खरं नसतं. इथे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हंबर नदी समुद्राला मिळते तिथे वाळूची पाचेक किलोमीटरची निमुळती पट्टी आहे, तेच स्पर्न. २०१३ च्या डिसेंबरात लाटांनी मधला रस्ताच नेला, आता मोठ्या भरतीला पुढच्या भागाचा जमिनीशी संबंध तुटतो. ऑक्टोबरात पूर्वेचा वारा आणि वर पाऊस असला की समुद्र ओलांडून दमलेली पाखरं दिसेल त्या पहिल्या जमिनीवर उतरतात. गोल्डक्रेस्ट म्हणून पाच-सहा ग्रॅमचं पाखरू असतं, ते माझ्या बुटापाशी किडे टिपत होतं, माणसाला भ्यायचंही त्राण नव्हतं त्याच्यात.

मी गेलेले सायबेरियातून येणाऱ्या पिवळ्या भुवईच्या वटवट्यासाठी. दोन तास झुडपापुढे उभी, आवाज ऐकला, शेपूट दिसलं, संपलं. आई, तुझी शेंगाचटणी आणि कडक भाकरी तिथेच उभ्या उभ्या खाल्ली.

मग कोणीतरी ओरडलं, रोझी स्टार्लिंग! ट्रायपॉड खांद्यावर टाकून सगळे पळाले, मीपण. तारेवर तीस-चाळीस इथल्या काळ्या ठिपकेवाल्या मैना आणि त्यांच्यात एकच मातकट, चोच पिवळी. बाबा, भोरडी हो! यंदाचं पिल्लू, अजून गुलाबी रंग चढला नव्हता. मध्य आशियातल्या माळावरून आपल्याकडे यायचं सोडून उलटी पश्चिमेला आलेली. लोक कुजबुजत बोलतायत, एका आजोबांनी मला दुर्बिणीशी जागा दिली, म्हणाले आधी कधी पाहिलीस का? आता काय सांगू. म्हटलं माझे बाबा ज्वारीत माळ्यावर उभे राहून असल्या हजारोंना गोफणीने दगड मारायचे. ते गप्पच झाले, मग हळूच विचारलं, लागायचा का? म्हटलं एकदाच लागला, तोही शेजारच्यांच्या रेडकाला. तेव्हा कुठे हसले.

तुमच्याकडे आल्या का यंदा भोरड्या? कणसं भरली की बाबा, तुम्ही त्या गुडघ्याने माळ्यावर चढू नका, गड्याला पत्र्याचा डबा वाजवू दे. आणि थवा उतरला की व्हिडिओ पाठवा, मोबाईल आडवा धरून, मागच्या वेळी सगळा तुमचा अंगठाच आलाय.

तुमची,
ताई