मिल्याने माईकसमोर बोलावलंय

पुणे,
रविवार रात्र

प्रिय सुमे,

मिल्याचा फोन आला होता. हो, तोच, आपला कॉलेजातला मिल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींत कळवलं असतं तर तू लगेच फोन करून ओरडली असतीस आणि माझं म्हणणं निम्म्यातच राहिलं असतं. म्हणून कागद घेतला. इतके महिने काही लिहिलं नाही त्याबद्दल जे बोलायचंय ते नंतर बोल, आधी हे वाच.

तब्येती ठीक. आईचा गुडघा आहे तसाच, माझी थायरॉइडची गोळी चालू. भडंग पोचलं आणि लगेच संपलं. डबा अजितरावांच्या भाच्याबरोबर पाठवते.

तर मिल्या. त्याने गप्पांचा पॉडकास्ट सुरू केलाय. नाटकवाले, लिहिणारे, गाणारे अशांना बोलावतो आणि तास-दीड तास बोलतो. मी ऐकला, आणि खरं सांगते, चांगला करतो गं. आवाज तोच, 'म्हणजे बघ' म्हणून वाक्य सुरू करायची खोडही तीच. समोरच्याला मध्येच तोडायची सवय मात्र गेलीय. ती कुणी घालवली देव जाणे, आपण दोघींनी तर त्याच्यापुढे हात टेकले होते.

फोनवर म्हणाला, "विदू, ये ना एकदा. सांगलीचं, एकांकिकेचं, आपल्या भांडणाचं, सगळं मोकळेपणाने बोलू." मी विचारलं, भांडणाचं म्हणजे नक्की काय बोलायचंय? तर म्हणतो, "ते आत्ता नको. आत्ता बोललो तर रेकॉर्डिंगला शिळं वाटेल. सुमाला पण विचार." तुला त्याने स्वतः का नाही विचारलं, हे मी विचारायच्या आत दुसरा फोन आला म्हणून ठेवून दिला.

तेव्हापासून माझं डोकं उठलंय. इतक्या वर्षांनी हा माणूस आपल्याशी बोलायला तयार झालाय, आणि बोलणार ते माईक लागल्यावर. याला काय म्हणायचं?

मला पॉडकास्टचं वावडं नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? दुसऱ्यांच्या गप्पा ऐकायचं हे वेड मला तुझ्या आजीनेच लावलं. आकाशवाणी मुंबईचं 'पुन्हा प्रपंच' तिला जवळजवळ पाठ होतं, आणि भाजी निवडता निवडता मीनावहिनी, प्रभाकरपंत आणि टेकाडे भावोजी, तिघांचेही आवाज ती एकटी काढायची. चेहरा न बघता माणूस ओळखीचं होतं हे मी तिथे शिकले. आता माझ्या पोळ्या, भांडी, बँकेत जातानाची बस, सगळं कुणाच्या तरी गप्पांवर चालतं. 'व्हायफळ' लावलं की स्वयंपाक कधी झाला कळत नाही. सुयोग आणि प्राची समोरच्याला असं बोलतं करतात की मुलाखत चाललीय हे विसरायला होतं. 'अमुक तमुक' तू सईसाठी म्हणून ऐक, ओंकार आणि शार्दूल पालकत्वावर, मनाच्या आजारांवर जाणकारांना बोलावतात आणि आपल्यालाच पडलेले प्रश्न विचारतात, लाजत नाहीत. आणि यूट्यूबवर भाडिपाच्या चॅनलवर २०१६ मध्ये अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यांचं 'कास्टिंग काउच' सुरू झालं, तेव्हा मी तुला रात्री अकराला उठवून लिंक उघडायला लावली होती. तू चिडली होतीस आणि मग दोन वाजेपर्यंत हसत होतीस. हे मान्य कर.

पण मिल्याच्या निमित्ताने मला सारखा आठवतोय तो मार्क मॅरन. त्याच्यावरून मी तुला किती पिडलंय! अमेरिकेतला चिडका, बडबड्या कॉमेडियन. रेडिओवरची नोकरी गेली, लग्न मोडलं, तेव्हा २००९ मध्ये त्याने 'डब्ल्यूटीएफ' हा पॉडकास्ट सुरू केला. आधी त्याच जुन्या रेडिओच्या स्टुडिओत कुणी नसताना शिरून, मग लॉस एंजेलिसला स्वतःच्या घराच्या गॅरेजमध्ये. त्याच गॅरेजमध्ये २०१५ साली ओबामा राष्ट्राध्यक्ष असताना येऊन बसले. सोळा वर्षं, सोळाशेहून जास्त एपिसोड, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याने ते बंद केलं. शेवटचे पाहुणे पुन्हा ओबामाच. मला त्या दिवशी फार रिकामं वाटलं. घरात कुणाला सांगणार? तू तरी निदान 'तो ओरडणारा बाबा' म्हणून ओळखतेस.

त्याचे २०१० मधले दोन भाग आहेत, लुई सी. के. या कॉमेडियनबरोबरचे. दोघे जुने दोस्त, आणि मैत्री विस्कटलेली. लुई मोठा झाला, मॅरनला त्याचा हेवा वाटला, तो लांब गेला. लुई त्याला तोंडावर सांगतो की मला मित्राची गरज होती तेव्हा तू नव्हतास. मॅरन वाद घालत नाही, ऐकून घेतो. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कणीक मळत होते. हात तसेच पिठाचे ठेवून उभी राहिले, कारण मला आपण तिघंच दिसत होतो. स्लेट मासिकाने २०१४ मध्ये आजवरच्या सर्वोत्तम पॉडकास्ट एपिसोडची यादी केली तेव्हा हाच पहिला ठरवला होता. मला तेव्हा वाटायचं, मिल्या असा एकदा समोर बसला तर सगळं सुटेल.

आणि मग २०१७ आलं. पाच बायकांनी लुईच्या लैंगिक गैरवर्तनाबद्दल न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं, आणि ते खरं आहे असं त्याने स्वतः कबूल केलं. मॅरनने त्याच्या पॉडकास्टवर सांगितलं की या अफवांबद्दल मी त्याला खासगीत विचारलं होतं, आणि तो नाही म्हणाला होता. सुमे, मला तेव्हा लुईच्या वागण्याइतकाच त्या एपिसोडचाही धक्का बसला. इतकं उघडं बोलणं, मुलीच्या जन्माचं सांगताना आलेलं रडू, सगळं खरं होतं. आणि तरीही जे सांगायला हवं होतं ते त्यात नव्हतंच. माणूस माईकसमोर मनापासून रडतो आणि तेवढ्यात मुख्य गोष्ट बाजूला ठेवून देतो. ऐकणाऱ्याला ते कळायचा काही मार्ग नसतो. आपण दोघी मात्र ऐकणारे नाही, आपण तिथे होतो.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहितेय ते. पाणी पिऊन घे.

मिल्याच्या एका एपिसोडमध्ये एक नाटककार पाहुणे आहेत. बोलता बोलता हा म्हणतो, "मी कॉलेजात असताना एक एकांकिका लिहिली, त्यात एक म्हातारी आहे", आणि तो म्हातारीचं बोलणं म्हणून दाखवतो. सगळं. 'नदी उतरली की गाळ राहतो पोरा, तो काढायला कुणी येत नाही' पासून शेवटपर्यंत, एकही शब्द न चुकता. पाहुणे क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, या वयात हे कसं सुचलं? मिल्या हसला आणि म्हणाला, "सुचलं."

ते तू लिहिलंस. माझ्या डोळ्यांसमोर, घाटाच्या पायऱ्यांवर, फिजिक्सच्या जर्नलच्या मागच्या कोऱ्या पानांवर. 'चिखल' लिहिलं होतंस, तो खोडून वर बारीक अक्षरात 'गाळ' केलास आणि मला म्हणालीस, बोलून बघ, जीभ कुठे अडखळते? मीच तर ती म्हातारी होते. स्मरणिकेत 'लेखक-दिग्दर्शक' म्हणून एकट्या मिल्याचं नाव छापून आलं तेव्हा तू त्याचा वॉकमन परत केलास, आत त्याची कॅसेट तशीच ठेवून. तो म्हणाला होता छापखान्याची चूक. आजवर मी त्याला तेवढी शंका राहू दिली होती. आता 'सुचलं' ऐकल्यावर ती जागा राहिली नाही.

आणि तरीही मला जावंसं वाटतंय. यावर तू चिडणार, चिड. माईक खोटाच असतो असं मी म्हणू शकत नाही. मॅरनची जोडीदार लिन शेल्टन १६ मे २०२० ला अचानक गेली. जग बंद, घरात कुणी येऊ शकत नाही, आणि हा दोन-तीन दिवसांत एकटा माईकसमोर बसून मोडक्या आवाजात बोलला. काही माणसांना तोंड उघडायला मधे काहीतरी लागतं. मिल्याला तर नेहमीच लागायचं. आठवतंय, तुझी माफी मागायची होती तेव्हा ती त्याने तालमीत संवाद म्हणून मागितली होती आणि तू 'पुढचं वाक्य' म्हणाली होतीस! अजून हसू येतं मला.

माझी खरी धास्ती वेगळी आहे. तीन कॅमेरे लावतो तो. तास-दीड तासाच्या बोलण्यातून मिनिटाभराचा तुकडा कापतात, खाली मोठ्या अक्षरात वाक्य, मागे पियानो, आणि तेवढंच गावभर फिरतं. तू चिडून काही बोललीस, तर पन्नाशीची बाई जुनं भांडण उकरतेय एवढंच लोकांना दिसेल. अजितरावांच्या मोबाईलवर ते कुणीतरी पाठवेल. तुझ्या शाळेतल्या मुली बघतील. तू ज्याची लेखिका आहेस ते बोलणं बाजूला आणि तुझा तुकडा पुढे, हे मला सहन होणार नाही.

अमित वर्माचा 'द सीन अँड द अनसीन' ऐकतेस का तू? नसशील तर रविवारची दुपार काढ. २०१७ मध्ये वीस-पंचवीस मिनिटांचा होता, धोरणं आणि त्यांचे न दिसणारे परिणाम यांवर. वाढत वाढत पाच-पाच, आठ-आठ तासांचा झाला. पहिला तासभर पाहुणा नेहमीचं, घोटलेलं बोलतो. मग ते संपतं. त्यानंतर बालपण, वडील, वाचलेलं, चुकलेलं बाहेर येतं. तुकडे कापून विकावेत असं ते नसतंच. मला वाटतं मिल्याला दीड तास पवित्रा धरता येतो, पाच तास नाही येणार. आपल्यासमोर तर मुळीच नाही.

हे फार जड झालं. तुला हसवते. 'ऑफ मेन्यू' ऐक. एड गँबल आणि जेम्स एकॅस्टर हे दोन इंग्रज कॉमेडियन पाहुण्याला स्वप्नातल्या हॉटेलात बसवतात. जेम्स हा वेटर, आणि तो जिनी आहे, दिव्यातला. पाणी साधं की फसफसणारं इथपासून गोडापर्यंत सगळं विचारतात, आणि मध्येच जेम्स किंचाळतो, पापडम की ब्रेड! तू तिथे गेलीस तर सुरुवातीला भडंग, मध्ये भडंग आणि गोडाच्या जागी वाद घालशील. कोनन ओब्रायन या अमेरिकन कॉमेडियनचाही पॉडकास्ट लाव. त्याची सहायक सोना त्याला भर कार्यक्रमात अशी सुनावते की मला प्रत्येक वेळी तूच दिसतेस, मिल्याची तालीम घेताना. दोघांचं वर्षानुवर्षांचं नातं आहे म्हणून ती थट्टा रुचते, नवख्याला ते जमणार नाही.

सईची नीट कशी गेली? काकूंचा दुसरा डोळा दिवाळीनंतर करणार होतात, झाला का? घराचं रंगकाम झालं असेल तर फोटो पाठव. नव्या मुख्याध्यापकांचं सविस्तर कळव, मला त्यांचं लक्षण ठीक वाटत नाही.

मी काय ठरवलंय ते सांगते, तू नाही म्हणालीस तर मोडीत. मिल्याला म्हणणार आहे की आधी माझ्याकडे जेवायला ये, फोन दाराशी ठेवून, आणि जे शिळं होईल म्हणतोस ते तिथे बोल. मग रेकॉर्डिंग करायचं तर सुरुवातीलाच, पहिल्या वाक्यात, म्हातारीचं बोलणं सुमाने लिहिलं हे त्याने त्याच्या तोंडाने सांगायचं. ते कापायचं नाही. रीलमध्ये काय जाणार ते आपण दोघी बघणार. हे मान्य असेल तर आपण दोघी जाऊ, पाच तास बसू. मान्य नसेल तर मी त्याला सांगेन की ते बोलणं परत कुठे म्हणून दाखवू नकोस, कारण ते माझ्या मैत्रिणीचं आहे. हे मी त्याला फोनवर स्वच्छ सांगू शकते, मला त्याची भीती नाही.

ते जर्नल तुझ्याकडे आहे का अजून? माळ्यावरच्या ट्रंकेत होतं, हिरव्या पुठ्ठ्याचं. सापडलं तर मागच्या पानांचे फोटो काढून पाठव. गुरुवारी रात्री नऊनंतर मी मोकळी आहे, तेव्हा फोन कर. तोवर मिल्याला काहीही कळवत नाही, आणि तूही रागाच्या भरात कळवू नकोस.

तुझी,
विदू