वाटी सांडली तरी चालेल

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडलीस आणि मी ओरडले. ते मनाला लागून राहिलं म्हणून लिहितेय. आत्यावर रागवू नकोस. कंबर बरी व्हायच्या आत तू जिम्नॅस्टिक्समधली कमान केलीस, हे तिनं सांगितलं नसतं तर मी तिच्यावर रागावले असते.

"एकदाच तर कमान केली, आणि दुखलंसुद्धा नाही," म्हणालीस. अगं, दुखलं नाही हीच तर पंचाईत आहे. विश्रांती घेतली की दुखणं आधी थांबतं, हाड सावकाश मागून जुळतं. डॉक्टरांनी एमआरआयवर बोट ठेवून दाखवलं होतं ना, कमरेच्या पाचव्या मणक्याला मागच्या बाजूला हाडाचा एक अरुंद भाग असतो. मागे वाकलं की भार तिथंच येतो. वॉकओव्हर म्हणजे कमानीतून एकेक पाय डोक्यावरून टाकत उलटणं, कमान, वर उडीनंतर लँडिंगचे दणके, आणि हे रोज. तार एकाच जागी वाकवत राहिलं की तिथंच तडकते, तसं झालं. त्यात वर्षभरात तुझे दोन फ्रॉक आखूड झाले. भराभर उंची वाढतानाच हे जास्त होतं म्हणे.

आणि मी? दीड महिना बाम चोळत राहिले. "पाळी यायची असेल" म्हणाले. एक्स-रेत काही दिसलं नाही तेव्हा तर देवापुढे साखर ठेवली. अशी बारीक चीर एक्स-रेत बरेचदा दिसतच नाही, हे मला कुठं ठाऊक होतं! ही चूक माझी, तुझी नाही.

आता व्यायामांचं. "आजीबाईंचे व्यायाम" म्हणतेस, पण व्हिडिओ मी तीनदा पाहिला. रांगायच्या स्थितीत कमरेवर पाण्याची वाटी ठेवून उजवा हात पुढे, डावा पाय मागे. डावा पाय गेला की वाटी दरवेळी उजवीकडे कलते. का, ठाऊक आहे? तू पाय बीमवर, त्या अरुंद पट्टीवर कसरत करताना नेतेस तसा वर नेतेस. इथं पाय कमरेच्या रेषेत आला की पुरे. उंच नेलास की पुन्हा तीच कंबर वाकते. दहा सेकंद मोज, मोठ्यानं, म्हणजे श्वास कोंडणार नाही. वाटी सांडली तरी चालेल, आत्याची फरशी पुसून टाक.

उताणं झोपून हातपाय हलवायच्या व्यायामात पोट आवळ, पाठ उचलली गेली की तिथंच थांब. साइड प्लँक बरा करतेस. पण गुडघा टेकून मांडीचा पुढचा भाग ताणायचा असतो, तिथं चोरी करतेस. ढुंगण आवळत नाहीस, नुसती पुढे झुकतेस, म्हणजे ताण पुन्हा कमरेवर. खांदे आणि मांड्या मोकळ्या झाल्या नाहीत, तर कमानीतली सगळी वाक एकट्या कमरेला द्यावी लागते. फिजिओताई हेच सांगून थकल्या.

जिम्नॅस्ट दीपा कर्माकरचं नाव माझ्यावर फेकलंस. रिओ ऑलिंपिकला 2016 मध्ये तिचं पदक 0.150 गुणांनी हुकलं, हे तुला पाठ आहे. मग हेही पाठ कर, की 2017 मध्ये तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि 2018 च्या जुलैत ती तुर्कस्तानात मर्सिनला व्हॉल्टमध्ये, म्हणजे टेबलावरून उडी घ्यायच्या प्रकारात, सुवर्ण घेऊन आली. मधले महिने तिनंही असलेच कंटाळवाणे व्यायाम केले असतील.

आधी चालणं, मग पळणं, मग उड्या, मऊ मॅटवर लँडिंग, आणि मागे वाकणं अगदी शेवटी, तेही ताई म्हणतील तेव्हा. सरावाआधी दुखण्याची गोळी घ्यायची नाही, मैत्रिणीनं दिली तरी. पायात मुंग्या आल्या, बधिर वाटलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी आत्याला उठव.

जिल्हा स्पर्धेचा फॉर्म मी भरलेला नाही. सरांशी बोलले. चिडशील, चीड.

शनिवारच्या एसटीनं येतेय. चकल्या आणते. ती पितळी वाटी मात्र आत्याची आहे, पोचे पाडू नकोस.

तुझी,
आई